पितृपक्षात शोरूमला जा, पण त्याआधी ती एफडी मोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दोघांचा मिळून हातात ९२ हजार येतो, घरभाडं १९ हजार, क्रेडिट कार्डावर ६८ हजार थकलेत आणि चार महिने फक्त मिनिमम भरताय, वहिनींच्या नावाची दीड लाखाची एफडी आहे जी गाडीच्या डाउन पेमेंटसाठी राखून ठेवलीय, दसऱ्याला नवी गाडी घरी आणायचीय, आणि दिवाळीत सासूसासऱ्यांना घेऊन केरळ नाहीतर कोकण. शोरूमने ११ लाख ८९ हजार ऑन रोडचं कोटेशन दिलंय आणि सांगितलंय की १० लाखाचं लोन, सात वर्षं, ९ टक्के, हप्ता "फक्त" १६ हजार. तर घ्यावी का?

मी अकरा वर्षं नाशिकमधे एका शोरूममधे फायनान्सच्या टेबलावर होतो, नंतर सहा वर्षं बँकेत गाड्यांची लोनं केली. म्हणजे तुमच्या समोर बसलेला तो "फक्त" म्हणणारा माणूस मीच होतो असं समजा. गाडी घ्या, माझी ना नाही, पण तुम्ही ज्या क्रमाने करायला निघालाय तो उलटा आहे.

पहिलं कार्ड. ६८ हजारावर महिन्याला ३.६ टक्के धरले (तुमच्या स्टेटमेंटवर नेमका आकडा असेल, बहुतेक साडेतीन ते पावणेचारच्या मधे असतो) तर २,४४८ व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ४४०, झाले २,८८८. मिनिमम म्हणून पाच टक्के म्हणजे ३,४०० भरताय, त्यातले मुद्दलात गेले जेमतेम पाचशे. आणि याहून वाईट म्हणजे जोपर्यंत मागचं पूर्ण फिटत नाही तोपर्यंत नवीन खरेदीला ते पन्नास दिवसांचं बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, काल घेतलेल्या किराण्यावरही कालपासूनच व्याज सुरू. लोकांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं मिनिमम भरला म्हणजे दंड वाचला. दंड वाचतो, व्याज नाही वाचत.

आता दुसऱ्या बाजूला ती एफडी सात टक्क्यांनी बसलीय. म्हणजे वर्षाला सात टक्के मिळवायला तुम्ही वर्षाला त्रेचाळीस टक्के, वर जीएसटी, भरताय. मोडा. आजच मोडा, मुदतीआधी मोडली म्हणून बँक व्याजातला अर्धा-एक टक्का कापेल, कापू दे. (वहिनींना हे तुम्हीच सांगा, माझं नाव मधे नको.) समजा एफडी नसतीच तरी मी म्हटलो असतो की १४ टक्क्यांचं एक वर्षाचं पर्सनल लोन काढून कार्ड फेडा, त्याचं अख्ख्या वर्षाचं व्याज होतं सव्वापाच हजाराच्या आसपास, कार्डाचं दोन महिन्यांचंच त्याहून जास्त होतंय.

कार्ड फेडायचं अजून एक कारण आहे जे थेट गाडीशी जोडलेलं आहे. तुमचं लिमिट ८० हजार म्हणालात, त्यातले ६८ वापरलेले, म्हणजे ८५ टक्के. हप्ता एकही चुकवला नाही तरी एवढ्या भरलेल्या कार्डाने सिबिल खाली येतो, कारण बघणाऱ्याला वाटतं या माणसाला पैसे पुरत नाहीयेत. आणि कारलोनचा दर आता बऱ्याच बँका स्कोअर बघून लावतात. जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरा दिवसांनी ही माहिती ब्युरोला (सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना) द्यावी लागते, त्यामुळे आज फेडलंत तर दीड-दोन महिन्यात फरक दिसायला हवा. वर्षातून एकदा प्रत्येक ब्युरोचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढा, पैसे देऊन काढू नका. कार्ड बंद करायची गरज नाही, फेडा आणि घरी कपाटात ठेवा. पण बंद करायचंच ठरवलंत आणि बँक टोलवाटोलवी करायला लागली तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, थकबाकी शून्य असेल तर अर्जापासून सात कामकाजाच्या दिवसात बंद करायचं नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. हे वाक्य फोनवर शांतपणे म्हटलं की कामं होतात.

आता गाडी. इथे जरा वेळ घेतो कारण इथेच सगळी गंमत आहे.

शोरूमला गाडीवर मार्जिन फार नसतं. पैसा असतो तो गाडीबरोबर जे चिकटवलं जातं त्यात, म्हणजे लोनवर बँकेकडून पेआउट, इन्शुरन्सवर कमिशन, ॲक्सेसरीज, कोटिंग, एक्सटेंडेड वॉरंटी. म्हणून सेल्सवाला तुमच्याशी गाडीच्या किमतीवर बोलतच नाही, तो विचारतो "सर, महिन्याला किती जमेल?" आणि तुम्ही आकडा सांगितलात की संपलं. कारण हप्ता कितीही बसवता येतो, मुदत ताणली की झालं. आम्ही हेच करायचो. तुमच्याच केसमधे बघा, १० लाख सात वर्षं ९ टक्के, हप्ता १६,०८९, एकूण भरणार साडेतेरा लाख, त्यातलं व्याज साडेतीन लाख. तेच ८ लाख पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १६,६०७, एकूण दहा लाखाला थोडे कमी, व्याज १ लाख ९६ हजार. महिन्याला पाचशे अठरा रुपये जास्त आणि दोन वर्षं आधी मोकळे. आता प्रश्न एवढाच की १० चे ८ कसे करायचे, तर तुमचं कोटेशनच घेऊ ओळीने.

एक्स शोरूम ९ लाख ६० हजार. हे कंपनीने ठरवलेलं, यात फक्त डिस्काउंट मागता येतो. (२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल १२०० सीसीपर्यंतची गाडी १८ टक्के जीएसटीत आली, तुमची त्यात बसते, मोठं इंजिन घेतलंत की सरळ ४० टक्के.) आरटीओ १ लाख ८ हजार. महाराष्ट्रात दहा लाखापर्यंतच्या पेट्रोल गाडीला खाजगी नावावर ११ टक्के म्हणजे १,०५,६०० आणि वर रजिस्ट्रेशन, बोजा चढवायची फी, नंबर प्लेट वगैरे, बरोबर आहे, इथे हात घालू नका.

याच ठिकाणी एक सांगून ठेवतो, सेल्सवाला तुम्हाला वरचं व्हेरिएंट दाखवणार, सनरूफवालं, १० लाख ४० हजार, "सर फक्त ऐंशी हजाराचा फरक". तो ऐंशीचा नाही. दहा लाख ओलांडले की टॅक्स १२ टक्के होतो आणि तो पूर्ण किमतीवर, म्हणजे १,२४,८००, झाले एकोणीस हजार दोनशे जास्त. वर एक टक्का टीसीएस (विकणारा आगाऊ घेतो तो इन्कमटॅक्स) १०,४००, तो रिटर्न भरताना वळता होतो पण आज तर खिशातून जातोच. इन्शुरन्सही वाढला. सनरूफ लाखाच्या वर गेलं, आणि पुण्याच्या उन्हात ते किती दिवस उघडणार ते तुम्ही ठरवा.

पुढची ओळ इन्शुरन्स ५२ हजार. नव्या गाडीला थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर) तीन वर्षांचा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांचा सारखा. फरक पडतो तो ओन डॅमेजमधे (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि ॲडऑनमधे (वरून घेतलेली जादा कव्हरं). तेच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), तेच ॲडऑन घेऊन बाहेर दोन ठिकाणी कोटेशन काढा. शोरूमवाला म्हणेल बाहेरून घेतला तर क्लेमला त्रास होईल. कॅशलेस होणार की नाही हे विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी टायअप आहे का यावर असतं, पॉलिसी कोणी विकली यावर नाही, यादी कंपनीच्या साईटवर असते, बघून घ्या. आणि तुमच्याकडे तर हुकुमाचा पत्ता आहे जो तुम्ही प्रश्नात एका ओळीत उडवून टाकलाय, जुनी गाडी तुमच्याच नावावर आहे आणि सहा वर्षांत क्लेम नाही. म्हणजे ५० टक्के नो क्लेम बोनस आहे. तो बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियममधे निम्मी सूट. शोरूममधे हे कुणी आपणहून विचारत नाही, प्रीमियम कमी झाला तर कमिशन कमी. बाहेरचं कोटेशन आणि हा बोनस मिळून तुमचे ५२ चे ३३ हजारापर्यंत यायला हरकत नाही. मात्र कधीकधी शोरूम म्हणतं इन्शुरन्स आमचाच घ्या तरच डिस्काउंट, तेव्हा चिडायचं नाही, दोन्ही बाजूची बेरीज करायची, त्यांचंच स्वस्त पडत असेल तर त्यांचंच घ्यायचं.

त्याखाली ॲक्सेसरीज "एसेन्शियल किट" २४,९००, म्हणजे मॅट, सीटकव्हर, मडफ्लॅप, परफ्यूम आणि गणपतीची मूर्ती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सगळं काढा, मॅट आणि सीटकव्हर बाहेर निम्म्यात होतील. फक्त इलेक्ट्रिकल काही बाहेरून लावू नका, वायर कापली तर वॉरंटीचा वांधा होतो. कोटिंग १४ हजार, काढा. हँडलिंग साडेआठ हजार, विचारा की हे कशाचं, पावती कोणत्या नावाने देणार, लेखी द्या, बहुतेक वेळा "बघतो सर मॅनेजरशी बोलून" होतं आणि गायब होतं. एक्सटेंडेड वॉरंटी २१ हजार, ही वाईट वस्तू नाही, मी स्वतः घेतलेली आहे, पण कंपनीची मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेता येते, उशिरा घेतली तर थोडी महाग, म्हणून त्यावर सात वर्षं व्याज भरायचं कारण नाही. फास्टॅग सहाशे, असू दे.

बेरीज करा. ४७ हजार चारशे फालतू गेले, १९ इन्शुरन्सचे, २१ वॉरंटीचे, आलात ११ लाख एक-दीड हजारावर. आता डिस्काउंट.

इथे पितृपक्ष. दसऱ्याला गाडी घ्यायला अख्खं पुणे येतं त्यामुळे त्या आठवड्यात तुम्हाला कुणी विचारत नाही, पेढा देतील आणि पुढचं गिऱ्हाईक. पण त्याआधीच्या पंधरवड्यात शोरूममधे माश्या मारत बसलेले असतात, बुकिंगला कुणी येत नाही, टार्गेट तर महिन्याचं तेवढंच. आम्ही त्या दिवसात जे रेट दिलेत ते मार्च एंडलाही दिले नाहीत. तुम्ही पितृपक्षात जाऊन सौदा ठरवा, टोकन दसऱ्याच्या आधी दोन-चार दिवस शुभ वेळ बघून द्या हवं तर, पण आकडा त्या पंधरवड्यात लेखी घ्या, मेलवर, मॅनेजरच्या नावाने. आई म्हणत असतील पितृपक्षात बघूही नये, तर त्यांना सांगा बघत नाहीये, भांडायला चाललोय. पंचवीस हजार मागा. एक्सचेंज बोनसवर भाळू नका, आधी जुन्या गाडीचा भाव बाहेर दोन ठिकाणी काढा, तुम्ही म्हणताय शोरूम १ लाख १० देतंय आणि ओळखीचा दलाल १ लाख ४५, तर पंचवीस हजाराचा बोनस धरूनही बाहेरच विकलेली बरी. फक्त बाहेर विकताना मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून सोडून देऊ नका, आरसी खरंच ट्रान्सफर झाली का ते बघा, कारण उद्या त्याने कुणाला ठोकलं तर कोर्ट ज्याच्या नावावर आरसी त्याला धरतं.

म्हणजे गाडी १० लाख ७७ हजाराच्या आसपास. एफडीतले उरलेले ८२ हजार आणि जुन्या गाडीचे १ लाख ४५, झाले २ लाख २७. उरले साडेआठ लाख. आणि दसऱ्याला अजून तीन महिने आहेत, आजपासून दर महिन्याला १६ हजार वेगळ्या खात्यात टाका, हप्ता सुरू झालाय असं समजून. ४८ हजार होतील, लोन आठ लाखावर आलं. जमलं नाही, दुसऱ्याच महिन्यात त्या खात्यातून काढायला लागले, तर मग हप्ताही जमणार नव्हता हे फुकटात कळलं. आणि हप्ता म्हणजे गाडीचा खर्च नव्हे हं, महिन्याला ८०० किलोमीटर शहरात फिरवली तर पाच-साडेपाच हजाराचं पेट्रोल, इन्शुरन्स-सर्व्हिसिंगचे महिन्याला दोन-तीन हजार धरा.

लोन शोरूमच्या टेबलावरच घ्यायचं असा नियम नाही. तुमचा पगार ज्या बँकेत येतो तिथे आधी जा, दर लिहून घ्या, मग शोरूमला दाखवा. आणि शोरूमला "एकाच बँकेत टाका" असं बजावून सांगा, नाहीतर ते तुमची फाईल चार बँकांत फेकतात आणि सिबिलवर चार चौकश्या चढतात. फ्लॅट रेट (मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर) म्हणत असतील तर उठून या, ७ टक्के फ्लॅट म्हणजे पाच वर्षांना खरे जवळजवळ साडेबारा पडतात. ऑक्टोबर २०२४ पासून लोन देण्याआधी एक की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात असतो, तो एपीआर, दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावर करा. त्यातच मुदतीआधी फेडलं तर किती कापतील तेही असतं, कारलोन बऱ्याचदा फिक्स रेटचं असतं त्यामुळे ते वाचाच. लोनमधे गुपचूप क्रेडिट शिल्ड इन्शुरन्स (कर्जदाराचं बरंवाईट झालं तर लोन फेडणारा विमा) घुसवलाय का तेही बघा, मी पाहिलेल्या फाईलींमधे लोकांनी सही केलेली असायची आणि त्यांना पत्ता नसायचा.

डिलिव्हरीच्या आधी, म्हणजे पासिंगच्या आधी, गाडी यार्डात जाऊन बघा. एकदा तुमच्या नावावर पासिंग झालं की ती तुमची, मग ओरखडा दिसो नाहीतर डेंट. टायरवर शेवटचे चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, पाचही टायर बघा. गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष फॉर्म २१ वर (शोरूमचं विक्री सर्टिफिकेट) येतं, बोलण्यावर विसंबू नका. चेसिस नंबर बुकिंगच्या कागदाशी जुळवा, किलोमीटर बघा, बॉनेटखालचे बोल्ट फिरवलेले वाटतात का बघा, एसी लावून दहा मिनिटं उभी ठेवा. दिवसा जा, पावसात जाऊ नका, ओल्या गाडीवर काही दिसत नाही. आणि बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू" लिहिलेलं असतंच, त्यामुळे तारीख लेखी घ्या आणि टोकन परत मिळेल असंही.

राहिली ट्रिप. तुम्ही म्हणालात कार्डावर "नो कॉस्ट ईएमआय" मधे केरळ पॅकेज मिळतंय. नो कॉस्ट म्हणजे बँक व्याज लावतेच, विकणारा तेवढाच डिस्काउंट दाखवतो, त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडे, आणि रोख घेतलं असतं तर तो डिस्काउंट कदाचित तसाच हातात आला असता. रिझर्व्ह बँकेने २०१३ मधेच लिहिलंय की झिरो टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. आत्ताच कार्ड धुतलंय, पहिलीच गोष्ट हप्त्यावर नको. दिवाळीचा बोनस ४० हजार येणार आहे ना, ट्रिप तेवढ्यात बसवायची. पाच जणांची दिवाळीतली केरळची विमानाची तिकिटंच त्यात बसत नाहीत, आणि ट्रेनचं म्हणाल तर आता ६० दिवस आधीच रिझर्वेशन उघडतं आणि सणाच्या तारखा सकाळी आठलाच संपतात.

कोकण करा. नवी गाडी असेल, ताम्हिणीने माणगावला उतरा, पाच दिवस, दोन ठिकाणी मुक्काम. साडेसात हजारापर्यंतच्या खोलीला आता जीएसटी ५ टक्केच आहे, १२ लावत असतील तर विचारा. होमस्टेचा नंबर गुगलवरून उचलून लगेच पैसे पाठवू नका, नंबर बदलून पैसे उकळणारे बरेच आहेत, व्हिडीओ कॉल करून अंगण दाखवायला सांगा, खरा माणूस आनंदाने दाखवतो. टोलच्या वार्षिक पासची जाहिरात बघून घेऊ नका, नॅशनल हायवेवर वरचेवर जाणाऱ्यांनाच तो परवडतो आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवे नि समृद्धीवर चालतच नाही.

गाडीची डिलिव्हरी लांबली तर भाड्याची मोठी गाडी करायला लागेल, तेव्हा किलोमीटर "गॅरेज टू गॅरेज" (त्यांच्या गॅरेजमधून निघाल्यापासून तिथे परत जाईपर्यंत) धरणार का, दिवसाला किमान किती किलोमीटर लावणार, ड्रायव्हरचा नाईट हॉल्ट किती आणि टोल-पार्किंग कुणाचं, हे चार प्रश्न व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, तोंडी नको. आणि सासरेबुवा मालवणहून पुढे गोव्याला जाऊ म्हणाले आणि तिथे स्वतः चालवायला गाडी घ्यायची वेळ आली तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची कुणाची तरी घरची गाडी दोन-तीनशे रुपये स्वस्त मिळते, पण ती भाड्याने द्यायला परवानगी नसते, पोलिसांनी अडवलं तर दंड आहेच, आणि ठोकली तर विमा कंपनी हात वर करते.